आमचा गाव बदलापूर : एका गावाची नोंद

पूर्वीच्या अभ्यासक्रमात भूगोलाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पाचवीला भारत. या पायऱ्यांच्या खाली आणखी एक पायरी असायला हवी होती, ती म्हणजे आपला गाव. पण गावाचे पुस्तक कोण लिहिणार? जिल्ह्याचे पुस्तक हजारो मुलांना चालते, गावाचे पुस्तक त्या गावापुरतेच. त्यामुळे मुलांना गंगेच्या उपनद्या पाठ येतात, पण घरामागच्या ओढ्याचे पाणी शेवटी कुठे जाते हे सांगता येत नाही.

असे एका गावाचे पुस्तक मराठीत १९३३ साली निघाले. त्याचे नाव 'आमचा गाव बदलापूर' आणि लेखक नारायण गोविंद चापेकर. चापेकरांचा जन्म १८६९ चा. न्यायखात्यातली नोकरी संपवून ते बदलापूरला राहू लागले आणि ज्या गावात राहतो त्या गावाचाच त्यांनी अभ्यास आरंभला. पुस्तक निघाले तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या पुस्तकात गावाचा भूगोल आहे, इतिहास आहे आणि गावातल्या माणसांचे जगणेही आहे. मराठीतला गावाच्या समाजशास्त्रीय अभ्यासाचा एक आरंभीचा नमुना म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

आज मुंबईहून कर्जत लोकलने निघालात तर अडुसष्टाव्या किलोमीटरला बदलापूर स्टेशन येते. फलाटावरून दिसतात त्या इमारतीच इमारती. चापेकरांचा गाव यात कुठे आहे? आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या खेड्याची नोंद आज विज्ञानाच्या शिक्षकाने का वाचावी? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

गाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बदलापूर स्टेशन मुळात बदलापुरात नाहीच, ते कुळगावात आहे. कल्याणहून पळसदरीपर्यंतची लोहमार्गाची शाखा १८५६ साली सुरू झाली. तिची आखणी करणाऱ्यांनी चढउतार, नदी आणि पुढचा बोरघाट यांचा विचार केला. गावांची सोय त्यानंतर आली. जुने बदलापूर स्टेशनापासून दूर, उल्हास नदीच्या बाजूला राहिले. आजही लोक 'बदलापूर' आणि 'बदलापूर गाव' असा फरक करतात. नगरपरिषदेचे नावही 'कुळगाव-बदलापूर' असे जोडनाव आहे. एका नावात दोन गावे का, असे मुलांना विचारून पाहावे. उत्तरात रेल्वे येते आणि रेल्वेच्या मागोमाग सगळा एकोणिसावा शतक येतो.

गावाच्या नावाची एक कथा सांगितली जाते. मराठी फौजा आणि जासूद या वाटेने जात, तेव्हा इथे थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून 'बदलापूर'. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले होते, त्यामुळे कथेला पार्श्वभूमी आहे. पण कथा ऐकली की पुरावा मिळाला असे होत नाही, आणि पुरावा नाही म्हणून ती टाकून द्यावी असेही नाही. तिची परीक्षा कशी घेता येईल ते पाहावे.

पहिली कसोटी अंतराची. रेल्वेने मोजले तर कल्याण ते बदलापूर हे अंतर चौदा किलोमीटरच्या आसपास भरते. दौडत आलेला घोडा बदलायला ते न पटण्याजोगे नाही. दुसरी कसोटी भाषेची. 'बदल' हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीतून मराठीत आला. तेव्हा नावाची ही फोड खरी असेल, तर हे नाव मराठीत फारसी-अरबी शब्द रुळल्यानंतरचे, म्हणजे चौदाव्या शतकाच्या आधीचे नसावे. उलट याच गावाचे याच रूपातले नाव त्याहून जुन्या ताम्रपटात कुणाला सापडले, तर घोड्यांची कथा बाद होईल. जे विधान कोणत्या पुराव्याने खोटे ठरेल हे आधी सांगता येते, ते विधान तपासता येते. हे प्रयोगशाळेत जितके खरे आहे, तितकेच गावाच्या पारावरही खरे आहे.

नदीने आखलेली वाट

नाव कितीही जुने असो वा नवे, वाट मात्र फार जुनी आहे. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीतून उतरते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण असा प्रवास करत सुमारे १२२ किलोमीटरनंतर वसईच्या खाडीला मिळते. एका बाजूला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या बाजूला माथेरान, चंदेरी, मलंगगड ही डोंगरओळ, आणि मध्ये नदीने रुंद केलेले खोरे. हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे. ते झिजून सपाटी तयार झाली, आणि माणसे व बैलगाड्या त्या सपाटीने जाऊ लागल्या. रेल्वेनेही तीच सपाटी धरली.

या वाटेच्या वरच्या टोकाला, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे लेणी आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. खालच्या टोकाला कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूरांची नावे आहेत. बदलापूरच्या शेजारी अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर आहे. त्याच्या शिलालेखात शक ९८२ हे वर्ष आहे. शकात ७८ मिळवून मुलांनी स्वतःच इसवी सन १०६० काढावे. इतके कोरीव काम होण्यासाठी पाथरवट हवेत, त्यांना पोसणारे धान्य हवे आणि धान्य देणारी गावे हवीत. ती गावे या खोऱ्यातली होती. शिलालेखात राजाचे नाव आले. भात पिकवणाऱ्या गावांची नोंद कुणी ठेवली नाही.

चापेकरांच्या पुस्तकाचे मोल इथे कळते. इतिहास राजांची नोंद ठेवतो, सरकार साऱ्याची नोंद ठेवते. पण गावात कोणती माणसे राहतात, काय पिकवतात, कशी बोलतात, कोणता सण कसा करतात, याची नोंद ठेवणे हे कुणाचेच काम नसते. एका निवृत्त माणसाने ते आपले काम मानले.

नोंद असेल तर फरक कळतो

गावाच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पेशवाई संपल्याबरोबर पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली. ती १८२३ मध्ये छापली गेली. पुढे गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली पुस्तक लिहिले. मधल्या सव्वाशे वर्षांत काय बदलले हे त्यांना सांगता आले, कारण तुलनेला पहिली नोंद हाताशी होती. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिथल्या एका खातेदाराची सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. जुनी कागदपत्रे जपलेली नसती तर 'जमिनीचे तुकडे पडले' असे नुसते म्हणता आले असते. किती पडले, हे सांगता आले नसते.

विज्ञानात आपण हेच करतो. तापमान वाढले म्हणायचे तर आधीचे तापमान लिहून ठेवलेले असावे लागते. पिंपळे सौदागरला आता शेतीऐवजी उंच इमारती आहेत. बदलापूरचेही तेच होत आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ पाऊणपट वाढ. ज्या गावाचा अभ्यास चापेकरांनी केला त्याची मुळे या गर्दीत शोधायची, तर त्यांच्या पुस्तकासारखा दुसरा आधार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जुनी नोंद म्हणजे 'मूळ, नैसर्गिक गाव' असे समजू नये. उल्हास नदीचेच पाहा. मावळातल्या आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण बांधून तिचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात आणले गेले. हे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. वीज करून झालेले पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते. आंद्रा ही भीमेच्या खोऱ्यातली, म्हणजे जे पाणी बंगालच्या उपसागराला जायचे ते अरबी समुद्राकडे वळले. पावसाळ्यानंतर आटत जाणाऱ्या कोकणातल्या नदीला उन्हाळ्यातही प्रवाह मिळाला. म्हणजे १९३३ साली चापेकरांच्या गावाजवळून वाहणारी नदी अकरा वर्षांपूर्वीच बदललेली होती. आज या खोऱ्यातली शहरे उन्हाळ्यात जे पाणी पितात, त्यात घाटावरच्या पावसाचाही वाटा आहे. पुढे १९७२ मध्ये याच खोऱ्यात बारवी धरण झाले. नदीच्या नावाचेही तसेच. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले ते याच नदीवरून. चापेकर १९६८ पर्यंत, वयाच्या अठ्ठ्याण्णव वर्षांपर्यंत हयात होते. आपल्या गावाच्या शेजारी एक नवे शहर उभे राहिलेले त्यांच्या हयातीतच घडले.

दुसरी सावधगिरी नोंद घेणाऱ्याविषयी. चापेकर शिकलेले, निवृत्त न्यायाधीश, जातीने ब्राह्मण. गावात आगरी, कुणबी, कोळी होते. डोंगराच्या अंगाला ठाकूर आणि कातकरी होते. कातकऱ्यांचे नाव खैराच्या कातावरून पडले, आणि जंगल कायद्यांनी जंगलावरचा त्यांचा हात सुटत गेला. गावातल्या विहिरी मोजणे सोपे आहे. कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देतात, हे विचारणे अवघड आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे या पुस्तकाच्या सहा वर्षे आधीचा. त्या काळातले गावाचे कोणतेही वर्णन वाचताना विचारावे की हे कुणी सांगितले, आणि कुणाला विचारायचे राहिले? उपकरणाचा दोष ठाऊक असला म्हणून आपण उपकरण फेकून देत नाही, वाचन दुरुस्त करून घेतो. पुस्तकाचेही तसेच करावे.

पाणी वाट विसरत नाही

आता दुसरा प्रश्न. या नोंदींचे आज काय काम?

२६ जुलै २००५ ला मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी उल्हासला महापूर आला आणि बदलापूरचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ ला कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. चोहोबाजूंनी पाणी, आणि गाडीत हजारावर प्रवासी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आजूबाजूच्या गावातले लोक यांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरली जाते. पावसाळ्यात या आकड्यांकडे लक्ष ठेवणारी हजारो कुटुंबे आज तिथे राहतात.

कोकणातल्या जुन्या खेड्याची रचना आठवा. घरे थोड्या उंचवट्यावर, सखल सपाट जमिनीत भाताची खाचरे, आणि डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, जिथून राबासाठी पालापाचोळा आणि गवत यायचे. या रचनेत पुराचा हिशेब दडलेला होता. नदी फुगली की पाणी खाचरांत पसरे. भात एक-दोन दिवस पाण्याखाली राहिले तरी बहुधा तगते. तळमजल्यावरचे घर तगत नाही. एक हेक्टर खाचरात दहा सेंटिमीटर पाणी साठले तर ते १००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर होते. अर्थात महापुराच्या दिवशी खाचरे आधीच भरलेली असतात, त्यामुळे शेते राहिली असती तर पूर आलाच नसता असे म्हणणे चूक ठरेल. पूर आला असता. पण त्याने भात बुडवले असते, माणसांचे संसार नव्हे.

आज नदीलगतच्या सखल भागात, हेंद्रेपाड्यासारख्या वस्त्यांत, इमारती आहेत. तिथे घर घेणारा माणूस बहुधा बाहेरगावचा. त्याला परवडणारी जागा हवी असते. ही जमीन पूर्वी कशासाठी होती हे त्याला कुणी सांगत नाही. सांगणारी म्हातारी माणसे कमी होत चालली आहेत.

सरकारी नकाशात पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फार घोटाळा होतो. 'पंचवीस वर्षांतून एकदा' म्हणजे आता आला, पुढची चोवीस वर्षे सुटलो, असे नाही. दर वर्षी पंचविसात एक अशी शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. दहावीच्या मुलांनी गणित करावे. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६. ओळीने पंचवीस वर्षे न येण्याची शक्यता ०.९६ चा पंचविसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. तेव्हा पंचवीस वर्षांत निदान एकदा तरी पूर येण्याची शक्यता शेकडा ६४. घराच्या कर्जाचे हप्ते वीस-पंचवीस वर्षांचे असतात, हे लक्षात घेतले की हे गणित वहीत राहत नाही. शिवाय ही रेषा जुन्या पावसाच्या आणि जुन्या पुरांच्या नोंदींवरून काढतात. नोंदी अपुऱ्या असल्या तर रेषाही तितकीच कच्ची.

शाळेने करण्याजोगे काम

चापेकरांजवळ ना अनुदान होते ना प्रयोगशाळा. गावात राहणे आणि विचारत राहणे, एवढ्यावर त्यांचे काम झाले. शाळेजवळ याहून जास्त आहे. तीसचाळीस मुले आहेत, आणि प्रत्येक मुलाच्या घरी कुणीतरी सांगणारे आहे.

पहिले काम पुराच्या खुणांचे. २००५ ला पाणी कुठपर्यंत आले होते हे लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. ती खूण रंगाने करावी, वर्ष लिहावे. गवंडी वापरतात तशी पारदर्शक प्लास्टिकची नळी पाण्याने भरून दोन जागांची पातळी जुळवता येते. तिच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने सगळ्या खुणांची उंची शाळेच्या पायरीपासून मोजावी. एका पावसाळ्याआधी वस्तीचा पुराचा नकाशा तयार होईल. दुसरे काम विहिरींचे. प्रत्येक विहिरीची खोली, वैशाखातली आणि भाद्रपदातली पाण्याची पातळी, आणि ती विहीर पूर्वी कोण वापरत होते, कोणाला मनाई होती. तिसरे काम नावांचे. शेताची, ओढ्याची, पाड्याची नावे जमवावीत. एखाद्या जागेच्या नावात पाणथळ, डोह, कोंड असा अर्थ सापडला, तर तिथे आज काय उभे आहे ते जाऊन पाहावे.

नियम एकच. प्रत्येक नोंदीखाली तारीख, सांगणाऱ्याचे वय आणि मोजणाऱ्याचे नाव लिहायचे. ऐकलेले आणि मोजलेले वेगळ्या रकान्यात ठेवायचे. दोन म्हाताऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या. ही वही शाळेच्या कपाटात ठेवावी आणि दर वर्षी पुढच्या वर्गाने तीत भर घालावी.

बदलापुरातल्या शाळांना यात एक सोय आहे. त्यांच्या वहीचे पहिले पान १९३३ सालीच लिहून झालेले आहे. बाकी गावांनी ते आज लिहायला हवे. ज्या गावात अजून खाचरे दिसतात, त्या गावांनी तर लगेच.